माळ्यावरचा संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने घरगुती संगणक दुरुस्त करणं हा माझा रात्रीचा उद्योग. दिवसाची नोकरी वेगळीच आहे. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत घरोघरचे माळे उघडतात आणि माझ्या फोनवर फोटो यायला लागतात: "काका, हे काय आहे? चालेल का?" दरवर्षी तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. घाई असेल तर निदान दुसरं उत्तर वाचा आणि मगच प्लगला हात लावा.

१. तुम्ही कोणत्या संगणकांबद्दल बोलताय? आमच्याकडे विंडोज ९८ वाला पेंटियम आहे, तो यात येतो का?

मुंबईतल्या माळ्यांवरून माझ्याकडे मुख्यतः चार जातींची यंत्रं येतात. पहिलं सिंक्लेअरचं झेडएक्स स्पेक्ट्रम. हे १९८२ चं यंत्र आखातातल्या किंवा लंडनच्या नातेवाइकांच्या सामानातून आलेलं असतं. दुसरं बीबीसी मायक्रो. १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' योजनेतून हे संगणक देशातल्या शाळांमध्ये गेले आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन तेच यंत्र 'युनिकॉर्न' नावाने इथे बनवलं. तिसरी कमोडोरची मंडळी, म्हणजे कमोडोर ६४ आणि अमिगा. चौथे आयबीएमच्या नमुन्यावर भारतात जोडलेले 'एक्सटी' आणि 'एटी' पीसी. सीएंच्या आणि वकिलांच्या घरांत हे हमखास सापडतात.

पेंटियम माझ्या लेखी अजून तरुण आहे. पण पावसाळा (प्रश्न ९), फ्लॉपी (प्रश्न १४) आणि पडदा (प्रश्न १८) ही उत्तरं त्यालाही लागू पडतात.

२. वीस-पंचवीस वर्षांनी माळ्यावरून काढलाय. लगेच प्लग लावून बघू का?

नका लावू. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या यंत्रांपैकी बरीचशी माळ्यावर मेलेली नव्हती. खाली आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मेली. 'बघू तरी चालतोय का' या एका वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं उंदरांनीही केलं नसेल.

आधी यंत्र तीन-चार दिवस नुसतं कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवा. मग हलवून बघा. आत काही खुळखुळत असेल तर तो सुटलेला स्क्रू असतो, आणि तो चिपच्या दोन पायांच्या मध्ये पडला तर शॉर्ट होणार. मग झाकण उघडा. आता डोळ्यांआधी नाक वापरा. सुक्या बोंबलाच्या जवळपास जाणारा वास आला तर कुठला तरी कॅपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गळलाय. नंतर डोळे: कॅपॅसिटरची फुगलेली डोकी, हिरवट-निळा थर (प्रश्न ४), करपल्याचा तपकिरी डाग, झुरळांची वस्ती (प्रश्न १०). धूळ मऊ ब्रशने काढा, फुंकर मारू नका. फुंकरीतून थुंकीही जाते.

त्यानंतर पॉवर सप्लाय. अ‍ॅडॉप्टर वेगळा असेल तर यंत्राला न जोडता मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा (प्रश्न ६). सप्लाय यंत्राच्या आतच असेल तर पहिल्यांदा थेट भिंतीच्या बोर्डात न लावता इलेक्ट्रिशियन वापरतात त्या सिरीज बोर्डातून द्या, म्हणजे वीज एका दिव्यातून जाऊन मगच पुढे मिळते. त्यात जुना, तारेचा १०० वॅटचा दिवा हवा. एलईडीचा उपयोग नाही. दिवा क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. दिवा असताना संगणक नीट सुरू होईलच असं नाही. आपल्याला फक्त आग लागत नाही ना एवढंच बघायचंय.

एक गोष्ट मस्करीत घेऊ नका. आतल्या स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. मोजता येत नसेल तर तो डबा उघडू नका.

३. बीबीसी मायक्रो मस्त चालू झाला, वीस मिनिटांनी पांढरा धूर आला. संपला का?

बहुधा नाही. सप्लायमध्ये मेनच्या बाजूला रिफा कंपनीचे कागदी फिल्टर कॅपॅसिटर असतात, पारदर्शक पिवळट कवचातले. वर्षानुवर्षांत त्या कवचाला तडे जातात, तड्यांतून ओल शिरते आणि एक दिवस ते जळतात. धूर आणि वास इतका येतो की घर रिकामं करावंसं वाटतं. माझा पहिला बीबीसी रात्री साडेअकराला धुमसला तेव्हा देवघरातला दिवा कलंडला समजून आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली होती. तो तांब्या वेळीच अडवला, नाहीतर हे पान लिहायला मी उरलो नसतो.

धूर आला की प्लग काढा, खिडक्या उघडा. संगणक स्वतः बहुतेक वेळा सुखरूप असतो. जळालेला आणि त्याचा न जळालेला भाऊ दोन्ही बदला. नव्यावर 'एक्स २' वर्ग आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलं पाहिजे, मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावरचाच ठेवा. साधा ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर 'चालतो साहेब' म्हणून कुणी दिला तर घेऊ नका. मेनवर एक्स वर्गच लागतो. बीबीसी अजून धुमसला नसेल तर तो धुमसायची वाट बघण्यात काही अर्थ नाही, आधीच बदलून टाका.

४. मदरबोर्डवर एका कोपऱ्यात हिरवं-निळं काहीतरी पसरलंय. हे काय?

बॅटरी. २८६, ३८६, ४८६ या प्रोसेसरांच्या बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्यांची निकेल-कॅडमियम बॅटरी असायची, ३.६ व्होल्टची. अमिगा ५०० च्या मेमरी वाढवायच्या कार्डावरही हीच, आणि अमिगा ५०० प्लसमध्ये तर थेट बोर्डावर. ती गळते आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या रेषा खात पुढे सरकतं. तांब्यापितळेच्या भांड्यावर चढतो तसाच तो हिरवा थर.

आधी बॅटरी कापून काढा. यंत्र चालू असो वा नसो, आजच. मग हा थर अल्कली असल्यामुळे त्याला सौम्य आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीवर घेऊन थोडं थोडं लावा. बारीक फेस येईल, तो थांबेपर्यंत पुसत राहा. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पंख्याखाली दोन दिवस. घरात व्हिनेगर नव्हतं म्हणून मी एकदा लिंबू पिळलं होतं. आम्ल म्हणून लिंबू चालतं हे खरंच, पण गर आणि साखर बोर्डावर राहते. तिसऱ्या दिवशी कीबोर्ड कंट्रोलरच्या पायांपाशी मुंग्यांची रांग लागली होती.

साफ झाल्यावर भिंगाखाली रेषा तपासा. हिरवा वार्निश काळपट दिसत असेल तर खालचं तांबं गेलेलं असू शकतं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं बघा, तुटलेल्या ठिकाणी बारीक तार सोल्डर करा. हे किचकट काम आहे. पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेणाऱ्याने जुन्या टीव्हीच्या बोर्डावर महिनाभर सराव करावा.

५. बॅटरी काढली. आता तारीख १ जानेवारी १९८० दाखवतो आणि हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतो. बिघडवलं का मी?

नाही. 'एटी'च्या सेटिंग्ज त्या बॅटरीवर जगत होत्या. सेटअपमध्ये जाऊन डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर पुन्हा भरा. हे आकडे डिस्कच्या लेबलवर असतात, नाहीतर मॉडेल क्रमांकावरून मिळतात. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवून ठेवा. चुकीचे आकडे भरून 'फॉरमॅट करू का' या प्रश्नाला हो म्हणू नका, बाबांची सगळी पत्रं जातील.

नवी बॅटरी लावायची तर बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते, तिथून वायर काढून बॅटरी बोर्डापासून लांब बांधा. नाण्यासारखी सीआर २०३२ वापरणार असाल तर मध्ये डायोड हवाच. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा, आणि ही बॅटरी चार्ज करायची नसते.

६. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलाय. दुकानदाराने ९ व्होल्टचा दिला, पिन बसते. लावू?

पिन बसणं ही यातली सगळ्यात फसवी गोष्ट. स्पेक्ट्रमच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधली पिन ऋण आणि बाहेरचं कडं धन असतं. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर बरोबर उलटे. उलटा लावला तर आतला व्होल्टेज बनवणारा भाग जातो आणि त्याच्यामागे खालच्या १६ के मेमरीच्या चिप, ज्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. मग '© १९८२' ची नेहमीची ओळ येण्याऐवजी पडद्यावर रंगीत चौकटी किंवा पट्टे दिसतात. ९ व्होल्ट, किमान दीड अँपिअर, मधली पिन ऋण. हे तीन शब्द दुकानात म्हणा आणि घरी मोजून खात्री करा.

कमोडोर ६४ ची गोष्ट उलटी आहे. तिथे मूळ अ‍ॅडॉप्टर सापडला म्हणून लोक खूष होतात आणि तोच खुनी असतो. त्या काळ्या विटेत रेझिन ओतलेलं असतं, आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की ५ चे ६ व्होल्ट देतो आणि मेमरी चिप एकापाठोपाठ एक जातात. ५.२५ च्या वर आकडा दिसला तर वीट भंगारात. थंड असताना बरोबर आकडा दाखवणारी वीट अर्ध्या तासाने तापल्यावर घसरू शकते, म्हणून मी तर जुनी वीट कुठल्याच यंत्राला लावत नाही. नवे बनवलेले सप्लाय मिळतात.

७. मामांनी १९८५ मध्ये अमेरिकेहून आणलेलं यंत्र आहे. थेट लावता येईल?

नाही, ते १२० व्होल्टचं आहे आणि आपल्याकडे २३० येतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि यंत्र जेवढे वॅट खातं त्याच्या दीडपट क्षमतेचा घ्या. मिक्सरसाठी मिळणारा हलका 'कन्व्हर्टर' नको, त्यातून निघणारी वीज या यंत्रांना मानवत नाही. चित्राची पद्धतही वेगळी, एनटीएससी. आताचे टीव्ही ती ओळखतात, पण १९८० च्या दशकातल्या भारतीय टीव्हीवर चित्र फिरत राहील.

लंडनहून आलेल्या यंत्राचं व्होल्टेज जुळतं, प्लग जुळत नाही. त्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. प्लग कापून आपला लावलात तर तो फ्यूज गेला, हे लक्षात ठेवून मध्ये वेगळा फ्यूज घाला. आणि जुन्या चाळींत तिसऱ्या भोकात अर्थिंग असेलच असं धरून चालू नका, तपासून घ्या.

८. टीव्हीला कसा जोडायचा? चित्र येतं पण आवाजाऐवजी नुसता खरखराट येतो.

खरखराटाचं कारण गमतीदार आहे. ब्रिटन आणि भारत दोघेही 'पाल' पद्धतीचे, पण त्यांच्या प्रक्षेपणात आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर आणि आपल्याकडे ५.५ वर. म्हणून ब्रिटिश कमोडोर अँटेनाच्या वायरने जोडला की चित्र मिळतं, आवाज मिळत नाही. स्पेक्ट्रम आणि बीबीसीला स्वतःचा स्पीकर असल्यामुळे तिथे हे जाणवत नाही. स्पेक्ट्रम यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर चित्र पाठवतो. त्या काळच्या आपल्या बऱ्याच टीव्हींना फक्त व्हीएचएफ कळायचं, त्यामुळे 'आमचा कधी चाललाच नाही' असं सांगणारे काका खोटं बोलत नाहीत.

आज अँटेनाच्या वाटेला जाऊच नका. कमोडोरच्या मागच्या गोल डिन सॉकेटमधून एव्ही (चित्र-आवाजाचा थेट सिग्नल) मिळतं, त्याची केबल करून घ्या. स्पेक्ट्रममध्ये मॉड्युलेटर (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारी डबी) वगळून चित्राचा सिग्नल थेट जॅकवर आणतात, तासाभराचं काम आहे. नव्या टीव्हीत तीन रंगांची भोकं दिसली नाहीत तर कडेला ३.५ मिलिमीटरचं एव्ही भोक शोधा. पण बाजारातल्या साडेतीनच्या केबलींत अर्थिंगच्या तारेची जागा सारखी नसते, चित्र आलं नाही तर आधी केबल बदलून बघा. एचडीएमआयमध्ये बदलणारी स्वस्त डबी चालते, अक्षरं मात्र थोडी थरथरतात. पीसीचा मॉनिटर वेगळा विषय आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

९. मुंबईच्या पावसाळ्यात हे संगणक सांभाळायचे कसे?

या पानावरचं मला सगळ्यात जिव्हाळ्याचं उत्तर हे. युरोप-अमेरिकेतली माणसं जुनं यंत्र 'थंड, कोरड्या जागी ठेवा' असं लिहितात. कुठे ठेवू बाबा? जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात पापड सादळतात, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, आणि समुद्राजवळ राहत असाल तर हवेत मीठही आहे. आयसीचे, म्हणजे चिपचे, पाय सॉकेटमध्ये काळे पडतात, कनेक्टरवर थर चढतो, कॅसेटच्या पट्टीवर पांढरे ठिपके येतात.

तर काय करायचं? पहिली गोष्ट, यंत्र वापरा. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालू ठेवलं की आतली ऊब ओल पळवते. माझ्याकडचे रोज हाताळले जाणारे दोन संगणक कपाटात जपून ठेवलेल्या चारांपेक्षा कमी आजारी पडतात.

दुसरी, जे वापरणार नाही ते मे महिन्यातच, पाऊस सुरू व्हायच्या आत बंद करा. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्या नव्हेत, चांगलं पाव-अर्धा किलो, कापडी पिशवीत. रंग बदलणारे दाणे घ्या. निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये मंद तापवून परत वापरता येतात. स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतो. जुलैत डबा भरलात तर तुम्ही आत पावसाळाच कोंडला.

तिसरी, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका. ओल बाहेर जायची वाट बंद होते. सुती चादर बरी. आणि डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. एका कॅसेटच्या डबीवर गोळीच्या आकाराचा खळगा पडलेला मी पाहिलाय.

चौथी, एसी. एसीच्या गार खोलीतून यंत्र बाहेरच्या दमट खोलीत आणलं की त्यावर बाटलीवर येतं तसं पाणी धरतं, आतूनही. दोन-तीन तास तसंच राहू द्या, मग चालू करा.

१०. आत झुरळं आहेत. स्प्रे मारू?

नको. आधी यंत्र बंद डब्यात झुरळाच्या जेलसोबत आठवडाभर ठेवा, मग उघडून साफ करा. झुरळांची विष्ठा ओली झाली की वीज वाहते आणि चिपचे पाय कुरतडते, त्यामुळे ती अल्कोहोलने पुसायलाच हवी. पालीचं वेगळं. ती उबेला सप्लायच्या डब्यात शिरते आणि दोन टोकांना एकदम शिवली की दोघांचाही शेवट. मागच्या मोकळ्या खाचांवर बारीक जाळी लावा, पुठ्ठा नको. हवा खेळली पाहिजे.

११. कव्हर पिवळं पडलंय. पूर्ववत पांढरं होतं का?

होतं, पण कायमचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन ही युक्ती. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हळू काम करतं. सलूनच्या सामानाच्या दुकानात मिळणारं ४० व्हॉल्यूमचं क्रीम, म्हणजे १२ टक्के, जास्त सोयीचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्रीम सगळीकडे सारखं लावा, पारदर्शक पिशवीत घाला, गच्चीवर ठेवा आणि दर अर्ध्या तासाने फिरवा. क्रीम एका जागी सुकलं तर तिथे ढगाळ पट्टा उमटतो आणि तो जात नाही. डिसेंबर-जानेवारीचं ऊन चांगलं. मे महिन्यात प्लास्टिक वाकतं.

मी स्वतः आता हे करत नाही. तीन-चार वर्षांत रंग परत येतो आणि मला तो पिवळा आवडायला लागलाय.

१२. स्पेक्ट्रमच्या काही की दाबल्या जात नाहीत, आणि एक दाबली की अख्खा शब्दच येतो. हे दोन बिघाड आहेत का?

एकच. अख्खा शब्द येणं हा बिघाड नाही, ती पद्धत आहे. ओळीच्या सुरुवातीला 'पी' दाबलं की 'प्रिंट' उमटतं. प्रत्येक कीवर पाच-सहा गोष्टी छापल्यात त्या यासाठीच. चार दिवसांत हाताला सवय होते.

न चालणाऱ्या की मात्र कीबोर्डच्या आतल्या पातळ पडद्यामुळे (मेम्ब्रेन). त्या पडद्याच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, त्या कडक होऊन उघडताना मोडतात. शेजारच्या चार-पाच की एकदम गेल्या असतील तर निदान पक्कं. टोकाचा मोडका भाग सरळ कापून पट्टी पुन्हा खोचून बघा, पुरली तर पुरली. नाहीतर नवा पडदा मागवा, तो आजही बनतो.

१३. कॅसेट प्लेयर नाही. फोनवरून प्रोग्राम चढवता येतो का?

येतो, आणि मजा येते. कॅसेटची फाइल 'वेव्ह' स्वरूपात बदला, एमपी३ नको. फोनमधून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला मोनो वायर द्या. आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद. फोन विमान मोडवर ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपचं एक 'टिंग' चार मिनिटांच्या लोडिंगवर पाणी फिरवतं. पडद्याच्या कडेला आधी लाल आणि आकाशी जाड पट्टे दिसतील, मग निळे-पिवळे बारीक. बारीक पट्टे सुरू झाले की चहा टाकायला हरकत नाही.

खऱ्या कॅसेटीच चढवायच्या असतील तर प्लेयरचा पट्टा बहुधा वितळून डिंक झालेला असतो, तो बदला. हेड अल्कोहोलने पुसा. मग हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून आवाज सगळ्यात तीक्ष्ण कुठे होतो ते कानाने ठरवा. कॅसेटवर बुरशी असेल तर आधी प्रश्न १४ वाचा.

१४. फ्लॉपीच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात. तरी वाचून बघू का?

थांबा. ती बुरशी आहे. ड्राइव्हमध्ये घातलीत तर पहिल्याच फेरीत चकतीवर ओरखडा पडेल, हेड माखेल आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाईल.

सव्वापाच इंची असेल तर पाकिटाची एक कड ब्लेडने अलगद उघडा. आतून चकती काढा, फक्त मधल्या भोकाला आणि कडेला धरून. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटाच्या पेराने, गोल गोल नव्हे तर मधून बाहेर, अगदी हलक्या हाताने पुसा. साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, चकती उभी सुकवा. नळाचं पाणी वापरलंत तर क्षाराचे डाग पडतील. मग स्वच्छ, रिकाम्या पाकिटात सरकवा आणि एकदाच वाचा, त्याच वेळी संपूर्ण प्रत काढून घ्या. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

१५. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह घेतला, पण त्यात माझ्या फ्लॉपी चालत नाहीत.

यूएसबीचे ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची पीसी फ्लॉपी वाचतात. सव्वापाच इंची नाही, आणि अमिगाची साडेतीन इंची असली तरी नाही, कारण तिची लिहायची रीत वेगळी. यासाठी खरा जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीझवीझल' नावाची छोटी पाटी लागते. ती चकतीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे उचलते आणि अर्थ नंतर लावता येतो.

इथे एक सापळा आहे. १.२ एमबीचा ड्राइव्ह ३६० केच्या फ्लॉपी व्यवस्थित वाचतो, पण त्याने त्यावर काही लिहिलं की जुन्या ३६० केच्या ड्राइव्हला ते नीट वाचता येत नाही, कारण त्याची रेघ अर्ध्या रुंदीची असते. म्हणून १.२ मध्ये फक्त वाचा.

१६. वडिलांच्या फ्लॉपीत मराठी लेख आहेत. उघडले की नुसत्या रेघा आणि चौकटी दिसतात. लेख गेले का?

उलट, रेघा आणि चौकटी दिसल्या तर मला आनंद होतो. हे बहुधा 'इस्की' आहे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान पीसीत कार्ड बसवून देवनागरी दाखवायचं. त्याची संकेतपद्धती इस्की, जिचं मानक १९९१ मध्ये ठरलं. त्यात 'क' म्हणजे १७९ आणि 'ह' म्हणजे २१६. नेमके हेच आकडे साध्या डॉसला तक्ते आखायच्या रेघा वाटतात. १७९ म्हणजे उभी रेघ, २०४ म्हणजे आपला 'म', तिथे दुहेरी रेघेचा सांधा. त्यामुळे कार्ड नसलेल्या पीसीवर अख्खा लेख जाळीसारखा दिसतो. माहिती शाबूत असते. इस्कीतून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम आहेत आणि युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरूनच घेतल्यामुळे रूपांतर जवळपास निर्दोष होतं.

रेघांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली युरोपीय अक्षरं दिसली तर प्रकरण वेगळं. तो मजकूर एखाद्या विशिष्ट फॉन्टसाठी टाइप केलेला आहे, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या. त्यात संकेत अक्षरांना नसून अक्षरांच्या तुकड्यांना दिलेले असतात आणि प्रत्येक फॉन्टचा हिशेब निराळा. फॉन्टचं नाव कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून फ्लॉपीच्या लेबलावरची, डबीवरची प्रत्येक चिठ्ठी जपा. वेलांटी आणि रफार नंतर हाताने तपासावेच लागतात. एका वाचकाच्या आजोबांचं आत्मचरित्र असं सोडवलं तेव्हा प्रत्येक 'र्य' चा 'य' झाला होता. 'सूर्य' चा 'सूय'. दोन रविवार त्यातच गेले.

१७. एक्सटी जोडताना काय चुकतं?

दोन गोष्टी. मदरबोर्डला जाणारे सप्लायचे दोन प्लग शेजारी शेजारी बसतात आणि उलटेही बसतात. काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. तसं नसेल तर चालू करू नका.

दुसरी, मॉनिटर. हर्क्युलिस, सीजीए आणि ईजीए या तिन्ही चित्र दाखवणाऱ्या कार्डांना तोच नऊ पिनांचा प्लग. हिरव्या पडद्याचा एकरंगी मॉनिटर सीजीए कार्डाला लावला तर बसतो, पण वारंवारता जुळत नाही आणि शिट्टीसारखा आवाज करत मॉनिटर जळू शकतो. कार्ड ओळखल्याशिवाय जोडू नका. 'कीबोर्ड एरर' आला तर कीबोर्ड उलटा करून बघा. खाली 'एक्सटी-एटी' असा बटनवजा स्विच असेल तर तो चुकीच्या बाजूला आहे. आणि जुनी २० एमबीची डिस्क असेल तर बंद करण्याआधी 'पार्क' आज्ञा द्या, विशेषतः यंत्र हलवणार असाल तर.

१८. जुना मॉनिटर घरी उघडू का?

नको. रंगीत पडद्याच्या नळीवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात. जुने टीव्ही दुरुस्त करणारे एखादे काका तुमच्या स्टेशनजवळ अजून असतील, त्यांना पैसे द्या.

१९. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटे भाग मिळतात का?

काही मिळतात. ७४ मालिकेतले आयसी, कॅपॅसिटर, सॉकेट, डिन प्लग, डिसोल्डर पंप, फ्लक्स, सगळं. दुकानाच्या पाटीकडे बघू नका, दर्शनी भागात सीसीटीव्ही टांगलेले असतात. आत जुने खोके असतात. भागाचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या किंवा जुना भागच न्या. 'कमोडोरची आवाजाची चिप' असं मागू नका. ती नव्याने बनत नाही आणि स्वस्तात मिळाली तर वरचा नंबर घासून नवा छापलेला असण्याचीच शक्यता. मी एकदा अशी एक ऑनलाइन मागवून बसलोय. कीचेन म्हणून छान दिसते.

चोर बाजारात अख्खी यंत्रं क्वचित दिसतात, पण सुटे कीबोर्ड आणि अ‍ॅडॉप्टर येतात. तिथे 'चालू है' याचा अर्थ दिवा लागतो एवढाच.

२०. जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, फुकट आहे, मग हा सगळा खटाटोप कशाला?

खेळ खेळायचा असेल तर एम्युलेटरच वापरा, खरंच. स्पेक्ट्रमच्या बाबतीत तर कायद्याचीही अडचण नाही. १९८६ मध्ये सिंक्लेअरचे संगणक विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये रॉम (यंत्रात कायमचा भरलेला प्रोग्राम) एम्युलेटरसोबत वाटायला मोकळीक दिली. खेळांचे हक्क मात्र ज्याचे त्याचे.

मी तरी आधी एम्युलेटरवर प्रोग्राम लिहितो आणि मग खऱ्या यंत्रावर चढवतो. म्हाताऱ्या कीबोर्डवर कमी घाव पडतात. माझ्या भाचीने अशीच पाढ्यांची परीक्षा घेणारा प्रोग्राम केला. एकोणतीसच्या पाढ्यात तिच्या आजीने संगणकाला हरवलं, कारण तो उत्तर छापेपर्यंत आजीचं बोलून झालं होतं.

२१. हे सगळं वाचून दमलो. भंगारात देऊन टाकू?

द्या, पण रद्दीवाल्याला नको. तो प्लास्टिक फोडून तांबं काढेल आणि नळीतलं शिसं नाल्यात जाईल. नोंदणी असलेल्या ई-कचरा संकलकाला द्या. त्याआधी फ्लॉपी आणि कॅसेटी बाजूला काढा (प्रश्न १४ ते १६), हार्ड डिस्क काढून ठेवा, आणि न चालणाऱ्या यंत्राचा फोटो एकदा मला पाठवा. स्पेक्ट्रमची एक धड की-पट्टी किंवा बीबीसीचं एक रॉम कुणाचं तरी दुसरं यंत्र उभं करतं. फोटो पाठवताना झाकण उघडून आतला काढा. बाहेरून सगळे पिवळेच दिसतात.